फ्रीजरमधली चूल

दोन रिकामे डबे, एक खिळा आणि एक हातोडी एवढ्या सामग्रीवर अर्ध्या तासात चूल तयार होते, असे ज्यांनी मला सांगितले, त्यांचे डबे माझ्या डब्यांपेक्षा समजूतदार असले पाहिजेत. मला तीन आठवडे लागले. त्यांतली एक रात्र ती चूल फ्रीजरमध्ये होती, पण त्याकडे मी नंतर येते.

तंबूच्या मुक्कामाला नेण्याजोगी, काटक्यांवर चालणारी चूल आणि तिच्यावर बसणारे भांडे घरीच करावे, एवढीच माझी इच्छा होती. आईने या उपक्रमाकडे पहिल्या दिवसापासून संशयाने पाहिले. तिचे बालपण हातात फुंकणी घेऊन चुलीपुढे गेले होते आणि त्या धुरातून सुटल्याचा आनंद तिला अजून पुरत होता. आपली शिकलीसवरली लेक तोच धूर हौसेने, आणि तेही पत्रा कापून घेऊन, पुन्हा घरात आणते आहे हे तिच्या पचनी पडेना.

मी तिला पटवून देण्याचा प्रयत्न केला की या चुलीत धूर होत नाही. तत्त्व खरोखर देखणे आहे. मोठ्या डब्यात लहान डबा असा बसवायचा की दोहोंमध्ये बोटभर पोकळी राहील आणि ती पोकळी वरून बंद होईल. बाहेरच्या डब्याला तळाजवळ भोके पाडायची आणि आतल्याला तळाशी व काठाखाली अशी दोन ठिकाणी. खालून शिरलेली थोडी हवा थेट सरपणाला मिळते. उरलेली पोकळीतून तापत वर चढते आणि काठाखालच्या भोकांतून आत येते. लाकूड २०० ते ३०० अंशांच्या पुढे तापले की त्यातून जळाऊ वायू निघू लागतात, आणि धूर म्हणजे बहुतांशी या वायूंचा न जळलेला भाग. त्याला वर गरम हवा भेटली की तोही पेट घेतो. म्हणजे चूल आपला धूर आपणच खाते. आई म्हणाली, “खाऊ दे. उरला तर मला वाढू नकोस म्हणजे झालं.”

भोके पाडणे हे कागदावर सर्वांत सोपे काम आहे. डब्यावर खिळा धरून हातोडी मारली की भोक पडण्याऐवजी डबाच आत जातो, आणि चार भोकांनंतर तो असा दिसतो की जणू त्याच्यावर कोणी बसून उठले आहे. यावरचा जाणकारांचा उपाय म्हणजे डब्यात पाणी भरून त्याचा बर्फ करायचा. आतून भक्कम आधार मिळाल्यामुळे पत्रा चेपत नाही. हा उपाय खरा आहे. मात्र पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि डबा काठोकाठ भरायचा नसतो, ही गोष्ट शाळेत शिकलेली असूनही मला सकाळीच आठवली. तळ बाहेर आला होता. डबा टेबलावर ठेवला की तो अंमळ डोलून, विचार करून, मग एका बाजूला कलत असे. फ्रीजरचे दार उघडून आईने शांतपणे विचारले, “चूल थंड झाली का गं? काढू बाहेर?”

बाहेरच्या डब्यासाठी मी जस्ताचा मुलामा दिलेली एक जुनी बादली हेरून ठेवली होती. ती वापरली नाही, हा या प्रकरणातला माझा एकमेव शहाणपणा. जस्त ४२० अंशांवर वितळते, त्याहून बरेच तापले तर त्याची वाफ होते, आणि तो धूर छातीत गेला की हुडहुडी भरून ताप येतो.

भांड्याने माझा अधिक अपमान केला. उंच डब्याला तारेची कडी लावायची म्हणून मी दोन कान केले आणि ते काठाजवळ कथलाचा डाख देऊन चिकटवले. भांड्यात पाणी असते तिथवर पत्रा फारसा तापत नाही, कारण उकळणारे पाणी १०० अंशांच्या वर जात नाही आणि पत्र्यालाही जाऊ देत नाही. माझे कान होते पाण्याच्या रेषेच्या वर. कथील वितळते २३२ अंशांवर, आणि जाळ भांड्याच्या अंगावरून थेट काठापर्यंत चाटत आला होता. मी कडी उचलली. कडी वर आली, कानही आले, भांडे मात्र जागेवरच कलंडले आणि चूल पूर्णपणे, निर्दोषपणे विझली. पुढच्या भांड्याला डाख दिला नाही. दुमडलेल्या काठाखाली तार आवळून पिळली आणि बाहेरून साबणाचा पातळ लेप दिला, म्हणजे काजळी घासताना हात मोडत नाहीत.

आता प्रश्न उरला जाळाचा. एक लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात, आणि किलोभर सुक्या लाकडात १६ हजारांच्या आसपास असतात. हिशेबाने २१ ग्रॅम काटक्या पुरायला हव्यात. अर्थात बरीच उष्णता वाया जाते हे धरूनही मी पहिल्या तीन दिवसांत जाळलेली टोपलीभर लाकडे समर्थनीय ठरत नाहीत. मी डबा काठोकाठ ठासत होते, म्हणजे वरची भोके स्वतःच बुजवत होते. खालून पेटवत होते. धूर आला की वाकून फुंकत होते, आणि फुंकले की राख माझ्या भुवयांवर येऊन बसत होती.

चौथ्या दिवशी आई अंगणात खुर्ची टाकून बसली. ज्या बाईने उभे बालपण फुंकण्यात घालवले, ती म्हणाली, “आधी ते फुंकणं बंद कर. आणि त्याचं नरडं मोकळं ठेव.” मी काटक्या बोटाएवढ्या तोडल्या, वरच्या भोकांच्या खालपर्यंतच रचल्या, विस्तव वरून लावला आणि हात मागे बांधून उभी राहिले. हे उभे राहणे भोके पाडण्यापेक्षा अवघड होते. दोन मिनिटे धूर आला. मग तो विरळ झाला, आणि काठाखालच्या प्रत्येक भोकातून एकेक पिवळी जीभ आत वळू लागली. बघता बघता ज्योतींचे गोल कडे तयार झाले. तीन खिळ्यांच्या आधारावर, जाळाला वाट सोडून, मी भांडे ठेवले आणि झाकण टाकले. काही वेळाने झाकण थरथरू लागले.

आई उकळत्या पाण्याकडे पाहतच नव्हती. ती त्या ज्योतींच्या कड्याकडे पाहत होती.

“अगदी गॅसच्या शेगडीसारखी दिसते गं,” ती मनापासून म्हणाली, आणि थोडे थांबून, “मग घरातली आहे तिला काय झालंय?”

मी सांडशी आणायला आत गेले.