जमिनीची वाटणी परवानगीच्या आधी व्हावी

गिरणी कामगारांना घरं मुंबईतच द्यायची की कर्जत मार्गावर शेलू-वांगणीला, हा वाद व्हिएन्नात राहूनही माझी पाठ सोडत नाही. कामगार आणि वारसांचे पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आहेत, आणि एवढ्यांना द्यायला मुंबईत जागा नाही असं सरकारकडून सांगितलं जातं. लालबागची माझी मावशी त्या अर्जदारांपैकी एक. काका साचेखात्यात होते, संपानंतर ते पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. मावशी फोनवर म्हणाली, "अगं, शेलूला घर घेऊन मी करू काय? औषधं केईएमची, भजनी मंडळ इथलं, सुनेची ड्युटी लोअर परळला. पहाटेच्या गाड्या पकडून ती पोरगी किती दिवस काढणार?" शेलूहून चिंचपोकळीला पोचायला गाडी बदलून दोन तासांच्या आसपास जातात. आणि सून ज्या काचेच्या इमारतीत कामाला जाते, ती एका गिरणीच्या आवारातच उभी आहे.

म्हणून "जागा नाही" हे मला मान्य होत नाही. जागा होती. तिची वाटणीही कागदावर ठरली होती.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंड पडल्या. 58 गिरण्या, सुमारे 600 एकर जमीन, तीही शहराच्या ऐन पोटात. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 ने सांगितलं की, गिरणी पाडून जमिनीचा दुसरा वापर करायचा असेल तर तीन वाटे करा: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. इतकी सरळ आणि न्याय्य तरतूद आपल्याकडे फार थोड्या वेळा लिहिली गेली आहे. तिच्यात उणीव नव्हती असं नाही. दोन वाटे सोडायचे म्हटल्यावर मालक पुढे येईनात, जुन्या शेडमध्येच दुरुस्त्या करून नवे धंदे सुरू झाले आणि कामगारांची देणी अडकून पडली. 1996 मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने या जमिनींचा एकत्रित विचार करावा असं सुचवलं. तो झाला नाही.

2001 मध्ये नियम बदलला. तीन वाटे संपूर्ण जमिनीचे न करता फक्त मोकळ्या जमिनीचे करायचे, ज्यावर शेड, खाती, गोदामं उभी होती ती जमीन वाटणीतून वगळायची, असं ठरलं. गिरणीत मोकळी जमीन असते ती किती? हा बदल नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली झाला. आराखड्याचं मूळ स्वरूप न बदलणाऱ्या फेरबदलांसाठी हे कलम आहे. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मालकांच्या विरोधात निकाल दिला, मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि 2001 चा नियम कायम राहिला. बागा आणि म्हाडाची घरं होऊ शकली असती अशी शेकडो एकर जमीन एका दुरुस्तीने हातातून गेली. आज कामगारांना शेलूचा रस्ता दाखवला जातो, त्याची सुरुवात त्या दुरुस्तीत आहे.

इथे व्हिएन्नात मी नॉर्डबानहोफ परिसराजवळ राहते. ही रेल्वेची जुनी मालधक्क्याची जमीन, म्हटलं तर आपल्या गिरण्यांच्या जमिनींची बहीण. तिचा नवा आराखडा करताना इमारती कडेला उंच नेल्या आणि मधला सुमारे नऊ हेक्टरचा तुकडा जवळपास आहे तसा सोडला. गंजलेले रूळ तसेच आहेत, रुळांमधून बर्चची झाडं आणि काटेरी झुडपं उगवली आहेत, जुना पाण्याचा टॉवर उभा आहे. डबक्यांमध्ये हिरवट ठिपक्यांचे भेक राहतात, त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. संध्याकाळी आजूबाजूच्या घरांतली पोरं तिथे मनसोक्त हुंदडत असतात. कडेच्या इमारतींमध्ये बाजारभावाची घरं आहेत, तशीच शासकीय साहाय्याची, कमी भाड्याचीही. ती दारावरून ओळखू येत नाहीत.

हे सगळं सद्भावनेवर चालत नाही, नियमावर चालतं. व्हिएन्नाने 2019 पासून जमिनीच्या वापराचा एक नवा प्रकार आणला. मोठ्या जागेचा वापर बदलून घरं बांधायची असतील, तर त्यातला दोन तृतीयांश भाग साहाय्यित घरांसाठी. त्या भागासाठी जमिनीची किंमत बांधकामाच्या दर चौरस मीटरमागे 188 युरोपेक्षा जास्त धरता येणार नाही, असंही तेव्हा ठरलं. शिवाय 1984 पासून शहराचा एक निधी आहे, तो जमिनी आधीच घेऊन ठेवतो आणि नंतर साहाय्यित घरांसाठी देतो.

यातला कळीचा मुद्दा वेळेचा आहे. जमिनीचा वापर बदलायची परवानगी मिळाली की एका रात्रीत तिची किंमत कितीतरी पट होते. ती वाढ मालकाने घाम गाळून मिळवलेली नसते. शहराच्या सहीने, शहराच्या रस्त्यांनी, नळांनी, लोकलने ती निर्माण होते. अट परवानगीच्या आधीच लिहिलेली असेल तर जमीन घेणारा बिल्डर ती धरूनच भाव देतो, आणि कुणाचंही नुकसान झालं असं म्हणता येत नाही. अट नंतर घातली, किंवा आधी घालून पुढे सैल करता येते असं एकदा दिसलं, की प्रत्येक जण सैल होण्याची वाट बघत जमीन धरून बसतो. 2001 ने मुंबईच्या बाजाराला नेमकं हेच शिकवलं.

"तिकडची लोकसंख्या किती, पैसा किती! मुंबईला ते कसं लागू पडेल?" हे मला घरच्यांकडूनच ऐकावं लागतं, आणि त्यात तथ्य आहे. व्हिएन्ना वीस लाखांचं शहर, मुंबईची 2011 ची गणनाच 1 कोटी 24 लाखांची. इथे आस्पर्न नावाचा जुना विमानतळ होता, 240 हेक्टरचा. तिथे 2013 मध्ये आधी मेट्रो नेली आणि मग पुढच्या वर्षी लोक राहायला आले. धारावीही साधारण तेवढ्याच क्षेत्राची, पण ती रिकामी धावपट्टी नाही, लाखो माणसांची आणि त्यांच्या धंद्यांची वस्ती आहे. तिथे आस्पर्नचा नकाशा आणून ठेवणं हा शुद्ध अन्याय होईल. मात्र पैशाचं कारण मला पटत नाही. व्हिएन्नाने 1923 मध्ये घरबांधणीसाठी खास कर लावला, तेव्हा हे शहर महायुद्धात हरलेलं, भुकेलेलं आणि क्षयाने पोखरलेलं होतं. तरी पुढच्या दहा-अकरा वर्षांत साठ हजारांहून अधिक घरं उभी राहिली.

इथेही सगळं आलबेल नाही. पालिकेचं घर मागायचं तर शहरात ठरावीक काळ नोंदणी असावी लागते, आणि सर्वांत निकडीची गरज असलेला नवा स्थलांतरित नेमका त्याच अटीवर बाहेर राहतो. आपल्या झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेतल्या पात्र-अपात्र याद्यांचीच ही युरोपीय आवृत्ती. उलट आपल्याकडे 1995 पासून झोपडीधारकाला मालकीचं घर मोफत द्यायचं धोरण आहे, हे इथल्या लोकांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही. फक्त त्या घराचा खर्च आपण एफएसआय (जमिनीवर किती बांधता येईल ते प्रमाण) आणि टीडीआर (तो बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची किंवा विकायची मुभा) यांमधून काढतो. म्हणजे गरिबाचं घर विक्रीच्या टॉवरच्या भावावर अवलंबून. भाव चढा तिथे योजना धावते, भाव मंद तिथे लोक वर्षानुवर्षं संक्रमण शिबिरात. आणि एफएसआय बसवायचा म्हणून पुनर्वसनाच्या इमारती इतक्या खेटून उभ्या राहतात की खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो.

जमीन अपुरी पडली की मग नजर मिठागरांकडे वळते. धारावीच्या पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्यांसाठी मुलुंड, भांडुप, कांजूर पट्ट्यातली सुमारे 256 एकर मिठागरं द्यायचा निर्णय 2024 मध्ये झाला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. तो दिवस ज्यांनी पाहिला, त्यांना भरतीचं आणि पावसाचं पाणी सामावून घेणाऱ्या सखल जमिनी भरून टाकण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. तिथे राहायला जाणार कोण, तर ज्यांची मूळ वस्तीतली जागा विक्रीच्या इमारतींखाली जाणार ते. न्याय आणि पर्यावरण हे एकमेकांच्या आड येतात असं म्हणतात. इथे दोन्ही एकाच निर्णयात मारले जात आहेत.

आता उरली आहे पूर्व किनाऱ्यावरची मुंबई बंदराची जमीन, शेकडो हेक्टर आणि बहुतेक सरकारी मालकीची. 2018 पासून तिथे नियोजनाचा अधिकार बंदराकडेच आहे, म्हणजे जमिनीचा मालक आणि तिचा नकाशा आखणारा एकच. माझी मागणी एवढीच की तिथला एक तुकडाही वापर बदलून द्यायच्या आधी घरांचा, मोकळ्या जागेचा आणि शिवडी-माझगावच्या जुन्या भाडेकरूंचा वाटा आकड्यांत लिहिला जावा. तो बदलायचा झाल्यास कलम 37 च्या वाटेने नव्हे, तर संपूर्ण हरकती-सूचनांची प्रक्रिया पुन्हा करून आणि निवडून आलेल्या सभागृहात मतदान घेऊनच बदलावा. मार्च 2022 पासून तीन वर्षांहून अधिक काळ मुंबईला नगरसेवकच नव्हते, तेव्हा सभागृहात हे विचारायची सोयच नव्हती. 2015 मध्ये विकास आराखड्याच्या मसुद्यावर मुंबईकरांनी हजारो हरकती नोंदवल्या आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला होता. बंदराच्या जमिनीसाठीही तेवढ्याच हरकती जायला हव्यात, आणि त्यात पहिली ओळ वाट्याच्या आकड्याची असायला हवी.