‘या, या’ म्हणाल्या, मग उतरलो

ऑस्ट्रियाहून परत येऊन आज नववा दिवस. बॅगा माळ्यावर गेल्या, चॉकलेटं वाटून झाली, न वाटलेली लेकीने संपवली, पण एक कागद मी अजून फेकलेला नाहीये. फ्रिजवर मॅग्नेटखाली लावून ठेवलाय, येता-जाता दिसावा म्हणून. मला नाही, बाकीच्यांना.

कागद म्हणजे आमचा आठ दिवसांचा प्लॅन. ए-फोर, आडवी प्रिंट, चार रंग, सव्वीस ओळी. व्हिएन्ना, साल्झबर्ग, हालस्टाट, वेर्फेनची बर्फाची गुहा, इन्सब्रुक, गाड्यांच्या वेळा, कुठे काय कितीला, कुठलं बाथरूम फुकट (हसू नका, तिकडे स्टेशनवर ५० सेंट घेतात, म्हणजे एका वेळेला जवळपास पन्नास रुपये, आणि आमच्याबरोबर सासूबाई होत्या). आणि या सगळ्यावर निळ्या बॉलपेनने आडव्या रेघा मारलेल्या. इन्सब्रुकवर तर इतक्या जोरात की कागद फाटलाय.

त्या रेघा माझ्या नाहीत. नवऱ्याच्याही नाहीत, त्याने तो कागद कधी हातातच घेतला नव्हता. त्या मारल्या एका ऑस्ट्रियन आजीने, चालत्या गाडीत, जेमतेम चाळीस मिनिटांत, आणि माझ्या घरच्यांनी तिचं सगळं ऐकलं.

खरं तर हा प्लॅन व्हिसासाठी सुरू झाला. शेंगेनला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या त्या सामाईक व्हिसाला, कुठल्या दिवशी कुठे असणार ते लिहून द्यावं लागतं, शिवाय बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, ऑफिसचं रजेचं पत्र, ३०,००० युरोंचा मेडिकल इन्शुरन्स. एवढं केलंच आहे तर नीटच करू म्हणून मी तीन महिने रात्री भांडी आवरल्यावर लॅपटॉप घेऊन बसत होते. प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला काय बघायचंय? नवरा म्हणाला, तूच ठरव गं, तुला कळतं त्यातलं. (ऐकायला छान वाटतं हे. अर्थ एवढाच की काही चुकलं तर तुझं.) लेक म्हणाली, वायफाय असेल तिथे. सासूबाई म्हणाल्या, मला काय, बर्फ दिसला की झालं. त्यांनी भिशीत ऑस्ट्रियाला जातोय म्हणून सांगितलं होतं, बायकांनी ऑस्ट्रेलिया ऐकलं, आणि सासूबाईंनी ते दुरुस्त केलं नाही कारण ते जास्त लांब आहे. मग मी प्लॅन फॅमिली ग्रुपवर टाकला. नवऱ्याचा अंगठा आला. फाईल न उघडता अंगठा देता येतो हे मला तेव्हा कळलं.

मला स्वतःला काय बघायचंय ते कुणी विचारलं नाही म्हणून मीच ते एकोणिसाव्या ओळीत गुपचूप घालून ठेवलं होतं. ते नंतर सांगते.

तर साल्झबर्गहून हालस्टाटला जायचा दिवस. आधी तिकिटाचं सांगायला हवं, कारण तेच माझ्यावर उलटलं. तिकडे ‘आइनफाख राउस’ नावाचं ग्रुप तिकीट मिळतं, दोन ते पाच जणांना मिळून एकच, साध्या गाड्यांना दिवसभर चालतं, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आत वापरायचं नाही. नावाचा अर्थ साधारण ‘सरळ बाहेर पडा’. हे मी शोधलं, कौतुक कुणी केलं नाही, असो. आट्नांग-पुखहाइमला गाडी बदलली आणि ग्मुंडेनला ही आजी चढली.

सत्तरी ओलांडलेली, ताठ, चाकांची बाजारपिशवी एका हातात, दुसऱ्या हातात पट्ट्याला बांधलेला बुटका लांबुडका कुत्रा, त्याच्या तोंडाला जाळी. तिकडे गाडीत कुत्र्याला जाळी लागते आणि मोठ्या कुत्र्याचं तिकीटही काढावं लागतं. लेक हेडफोन लावून पलीकडे जाऊन बसली होती त्यामुळे आमच्या चारच्या सीटवर एक जागा होती. बाकी डबा जवळपास रिकामा. पण सासूबाईंनी पस्तीस वर्षं डोंबिवली फास्ट केलीये, उभं माणूस त्यांना बघवत नाही. त्यांनी पर्स मांडीवर घेतली, मला कोपराने ढकललं आणि म्हणाल्या, "बसा हो, होईल." आणि आजी बसली!

"ग्र्युस गॉट," आजी म्हणाली.

"काय म्हणतात?"

"देव तुमचं भलं करो, असं काहीतरी. इकडे सगळे असंच म्हणतात."

"म्हणजे राम राम," सासूबाई म्हणाल्या आणि हात जोडले. झालं, गाठ पडली. मी मोबाईलवर तीन महिने जर्मन शिकले होते. मुलगा सफरचंद खातो, एवढं मी आजही अस्खलित सांगू शकते. सासूबाईंना एक अक्षर येत नव्हतं, आणि पुढची चाळीस मिनिटं त्याच बोलत होत्या.

आधी चकली निघाली. आजीने वास घेतला, तोडली, चावली, "आह, झाल्त्सिश!" म्हणाली. म्हणजे खारट. मी लगेच माहिती पुरवली की आई, झाल्त्स म्हणजे मीठ, साल्झबर्ग म्हणजे मिठाचा गड, हा सगळा भाग मिठाच्या खाणींवरच मोठा झाला. कुणी ऐकलं नाही. आजीने दुसरी चकली उचलली आणि तिचं लक्ष माझ्या मांडीवरच्या कागदाकडे गेलं. तिने बोटाने खूण केली, दाखव. मी खुशीत दिला. मला वाटलं, तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी प्लॅन बघतंय.

तिने चष्मा लावला. पिशवीतून पेन काढलं. बँकेत नॉमिनीचा फॉर्म तपासतात तसं वरून खाली वाचत गेली. मग वर आली आणि "वीन" म्हणजे व्हिएन्ना, त्यावर रेघ मारली.

म्हटलं, अहो, तिथे जाऊन आलो आम्ही. झालं ते.

"याया," ती म्हणाली. आणि रेघ तशीच ठेवली. जाऊन आलो तरी खोडलंच पाहिजे, इतकं वाईट होतं ते.

इथे एक गोष्ट घडली जी माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. जर्मनमध्ये हो म्हणजे ‘या’. मान्य असलं, नसलं, कंटाळा आला, समोरच्याचं बोलणं संपवायचं असलं, सगळ्याला ‘याया’. आणि सासूबाई प्रत्येक वेळी हसून मान डोलवत होत्या.

मग बर्फाची गुहा. वेर्फेनची, ४२ किलोमीटर लांब, जगातली सगळ्यात मोठी बर्फाची गुहा म्हणतात तिला. आजीने सासूबाईंच्या गुडघ्याकडे पेन रोखलं, मग हवेत पायऱ्या काढल्या, वर, वर, अजून वर, आणि बोटांनी आकडा केला. सातशे. आत सातशे पायऱ्या आहेत हे मला माहीत होतं. ते मी कागदावर अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं, हे कबूल करते.

"सातशे?" नवरा एकदम जागा झाला. "तू बोलली नाहीस!"

"ग्रुपवर टाकलं होतं."

"बघ, आईंना चढवणार होतीस." ‘आईंना’ म्हणे. त्याचीच आई ती.

इन्सब्रुकला पेन आलं तेव्हा आजीचा चेहराच बदलला. "टिरोल," ती म्हणाली, म्हणजे इन्सब्रुकचा प्रांत, आपल्याकडे काही लोक शेजारच्या जिल्ह्याचं नाव घेतात ना, त्या सुरात. काय वैर होतं देव जाणे, एखादं स्थळ मोडलं असेल. कागद तिथेच फाटला. मला इन्सब्रुकच्या सोन्याच्या छपराबद्दल सांगायचं होतं, २,६५७ पत्रे आहेत त्याला, तांब्याचे, सोन्याचा मुलामा दिलेले, मी पाठ केलं होतं. पण कुत्रा सासूबाईंच्या चपलेवर झोपला होता आणि सगळे त्याच्यात गुंगले होते.

शेवटी हालस्टाट. म्हणजे आम्ही ज्या गाडीत बसलो होतो ती जिथे नेत होती ते. आजीने घड्याळ बघितलं, मग इंग्लिशमध्ये विचारलं, "नाऊ? व्हाय?"

आता या ‘व्हाय’ला काय उत्तर द्यायचं? सगळे जातात म्हणून. ८०० सुद्धा माणसं राहत नाहीत त्या गावात आणि गर्दीच्या दिवशी १०,००० पर्यंत येतात. २०२३ मध्ये वैतागून त्यांनी फोटोच्या जागेवर लाकडी कुंपण ठोकलं होतं, मग बोंब झाल्यावर काढलं. चीनने तर आख्खं गावच आपल्याकडे परत बांधलंय, २०१२ मध्ये. हे सगळं मला माहीत होतं, तरी मला जायचं होतं, कारण एकोणिसावी ओळ. पण आजीने एव्हाना हालस्टाटवरून एक बाण काढला, कागदाच्या पार तळाशी नेला आणि तिथे लिहिलं, ‘आबेंड’. संध्याकाळ. मग मोकळ्या जागेत मोठ्या अक्षरात ‘बाड इशल’ लिहून स्वतःच्या छातीवर हात ठेवला. म्हणजे ती तिथे राहते.

"आम्ही येऊ?" सासूबाईंनी शुद्ध मराठीत विचारलं.

"याया!"

"अगं, या या म्हणतायत. एवढं बोलावतायत, बरं दिसतं का नाही म्हणणं?"

मी समजावलं. या म्हणजे हो. तेही आपण काय विचारलं ते कळून नाही. सासूबाई म्हणाल्या, हो म्हणजेच या ना मग? याला उत्तर आहे का कुणाकडे? मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "तिकीट दिवसभराचंच आहे ना आपलं? मग उतरू की. तूच तर काढलंस." लेकीने हेडफोन काढून विचारलं, काय झालं, आणि उत्तर न ऐकता बॅग उचलली.

बाड इशलला आम्ही सगळे उतरलो. सासूबाई पुढे, हातात चकलीचा डबा, कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून. प्लॅटफॉर्मवर आजीने प्रत्येकाशी हात मिळवला, काहीतरी मंगल बोलली आणि कुत्रा, पिशवी घेऊन कोपऱ्यावरून वळून निघून गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. आम्ही चौघं स्टेशनबाहेर उभे.

"घाईत असतील," सासूबाई म्हणाल्या. "पाहुणे यायचे असतील घरी."

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं असं आता वाटतं.

मग काय, ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा बंगला बघितला. फ्रान्झ योझेफ उन्हाळ्यात इथे यायचा. भिंतीभर शिंगं, हरणांची, रानबोकडांची, जिन्यात शिंगं, खोल्यांत शिंगं. सासूबाई म्हणाल्या, बाई गं, जाळ्या काढायच्या कुणी? २८ जुलै १९१४ ला इथेच बसून त्याने सर्बियाविरुद्धच्या युद्धाच्या जाहीरनाम्यावर सही केली. त्या एका सहीने पहिलं महायुद्ध पेटलं आणि मला आठ दिवस फिरायला सव्वीस ओळी आणि चौघांची बँक स्टेटमेंटं. पण सासूबाईंना बंगल्याचं खरं प्रेम जडलं ते वेगळ्या कारणाने. हा फ्रान्झ योझेफ १८५३ मध्ये इथे मुलगी बघायला आला होता, म्हणजे कांदेपोहेच, फक्त पोहे नाहीत. ठरलं होतं थोरल्या बहिणीशी. त्याने धाकटी पसंत केली, तीच ती सिसी, जिचे फोटो तिकडे टिनच्या डब्यापासून छत्रीपर्यंत सगळ्यावर असतात. आणि हा बंगला त्याच्या आईने त्यांना लग्नात दिला.

"सासूने दिला?" सासूबाईंनी तीनदा विचारून खात्री करून घेतली. "बघा. सासूने दिला आख्खा बंगला. आणि नाव कुणाचं? सुनेचं." हे त्यांनी त्या दिवसात नवऱ्याला दोनदा, लेकीला एकदा आणि केक आणून देणाऱ्या मुलीला एकदा सांगितलं. ती मुलगीही याया म्हणाली.

हालस्टाटला पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. स्टेशन तळ्याच्या अलीकडे, गाव पलीकडे, मधे छोटी बोट. बोटीतून गाव दिसायला लागलं, चर्चचं टोक, डोंगराला चिकटलेली लाकडी घरं, पाण्यात त्यांची सावली, आणि गर्दी नव्हती. दिवसाच्या बसगाड्या निघून गेल्या होत्या. सुंदर होतं. इतकं सुंदर की मला राग आला.

"बघ, त्या म्हणाल्याच होत्या संध्याकाळी जा," नवरा म्हणाला.

एकोणिसावी ओळ: हालस्टाटच्या मिठाच्या खाणीत एक लाकडी घसरगुंडी आहे. ६४ मीटर लांब. खाणकामगार खाली उतरायचे तशी. खाणीचे कपडे चढवतात, बसवतात आणि सोडून देतात, शेवटी वेगही सांगतात. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, होम लोनचे नऊ हप्ते उरलेत, आणि मला त्या घसरगुंडीवरून जोरात ओरडत खाली यायचं होतं. बस एवढंच. खाणीची शेवटची फेरी निघून गेली होती. मी बंद काउंटरसमोर उभी राहिले. नवरा म्हणाला, अगं, एवढं होतं तर सांगायचं ना.

परवा भिशीत सासूबाईंनी सांगितलं की तिकडच्या एका बाईंनी आम्हाला आग्रहाने घरी बोलावलं, पण आम्हालाच वेळ नव्हता. बायकांनी विचारलं, कांगारू पाहिले का? त्या म्हणाल्या, एक कुत्रा होता.

आणि काल जेवताना नवरा म्हणतो, पुढच्या वर्षी जर्मनी करू या का, तू प्लॅन कर ना, तुला छान जमतं. बेर्ख्तेसगाडेनलाही मिठाची खाण आहे, साल्झबर्गहून जवळच, सीमा ओलांडली की. तिथेही घसरगुंडी आहे. मी रात्री फाईल उघडून पहिल्या ओळीत तेवढंच लिहिलं, ठळक, लाल अक्षरात, आणि ग्रुपवर टाकली.

अंगठा आलाय.