सात अक्षरांत सोलापूर

सिनेमातला इन्स्पेक्टर वॉकीटॉकी तोंडाजवळ नेतो, बटण दाबतो आणि बोलायला लागतो. त्याच्या सेटमध्ये चॅनल, म्हणजे बोलायच्या-ऐकायच्या फ्रिक्वेन्सी, कुणी भरले, हे सिनेमात कधीच दाखवत नाहीत. माझ्यासारख्या हौशी रेडिओवाल्याला, म्हणजे हॅमला, ते स्वतःच भरावे लागतात. त्याआधी दूरसंचार विभागाची परीक्षा, मग परवाना, मग ‘व्ही यू थ्री’ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे हवेतलं आपलं नाव. परीक्षेत ओहमचा नियम विचारतात, अँटेना विचारतात. सेट कॉम्प्युटरला जोडून चॅनल भरायच्या केबलबद्दल मात्र चकार शब्द नाही. खरी परीक्षा तीच आहे.

केबलशिवायही चॅनल भरता येतो, नाही असं नाही. पण एकच रिपीटर भरून बघा. रिपीटर म्हणजे उंचावर बसवलेलं यंत्र. ते एका फ्रिक्वेन्सीवर आपलं ऐकतं आणि दुसरीवर तेच जोरात परत सांगतं. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात या दोहोंमध्ये बहुधा ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. वर ८८.५ हर्ट्झसारखा एखादा घुमणारा टोन पाठवावा लागतो, नाहीतर रिपीटर ढिम्म. माझ्या सेटवर अंतराची दिशा मेनू २५ मध्ये, अंतर २६ मध्ये, टोन १३ मध्ये आणि साठवायची जागा २७ मध्ये. एवढं झालं की ऐकायची फ्रिक्वेन्सी एकदा साठवायची, बोलायची पुन्हा साठवायची. अशा १२८ जागा.

शिवाय प्रत्येक बटणाला आतून एक बाई चिनी भाषेत काहीतरी सुनावते. आईनं जपाची माळ थांबवून विचारलं, “ही कोण रे?” सेट दाखवला तर म्हणाली, “होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेत मिळतात तसलीच की ही. तू लहानपणी दोन दिवसांत मोडली होतीस.” बाईला गप्प करायची सोय मेनू १४ मध्ये आहे. पण तिथं पोचेपर्यंत ती बोलतेच.

म्हणून कॉम्प्युटर. त्यासाठी ‘चर्प’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे आणि ते खरोखर गुणी आहे. केबल मात्र आणावी लागते. नव्या पेठेत चौकशी केली, तर दुकानदारानं मोबाईलच्या चार्जिंगच्या वायरी पुढ्यात मांडल्या आणि वर, “हीच लागते की बे सगळ्याला,” असं ठणकावून सांगितलं. शेवटी ऑनलाइन मागवली.

या केबलच्या यूएसबीच्या टोकात एक चिप दडलेली असते, आणि स्वस्त केबलींत ती सर्रास नकली असते. मूळ चिपवाल्यांनी नव्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर ती चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नकली माल ओळखायची व्यवस्था केली आहे. पंगतीत आगंतुक दिसला की भरल्या ताटावरून उठवावं, तसा तो ड्रायव्हर केबलला उठवतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये केबलच्या नावापुढे एक पिवळा त्रिकोण उगवतो, बस्स. इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला दाखवला. “मामा, जुना ड्रायव्हर टाका की,” एवढं बोलून तो क्रिकेट खेळायला गेला. हे मलाही माहीत होतं. जुना टाकायचा आणि विंडोजनं आपणहून नवा आणून बसवायचा, असा आमचा शिवाशिवीचा डाव चालू होता. सोलापूरचा मे महिना, दुपारचे तीन, पंखा गरम वारा फेकतोय, आणि मी केबलला कॉम्प्युटरनं दिलेलं दार, म्हणजे सी-ओ-एम पोर्ट, तीन की चार याचा शोध घेतोय.

त्रिकोण गेला, तर ‘रेडिओने उत्तर दिले नाही.’ सौ. म्हणाली, “अहो, तुम्ही तरी हाक मारली की कुठं लगेच उत्तर देता?” खोट केबलच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथं दोन पिना असतात, एक जाड, एक बारीक. बाहेरचं प्लॅस्टिक सेटच्या अंगाला अडतं आणि पिना केसभर बाहेर राहतात. वरून बघावं तर सगळं जागच्या जागी. सेट मांडीत धरून अंगठ्यानं असा रेटावा लागतो की ‘खट्’ झालं पाहिजे. ते झालं, सेटचा दिवा लुकलुकला, पडद्यावरची पट्टी सरकली, आणि मी पोरासोरांसकट सगळं घर गोळा केलं. कुणी फार वेळ थांबलं नाही.

पहिल्यांदा सेटमधलं आहे तसं उतरवून घ्यायचं, ती फाइल हात न लावता जपून ठेवायची आणि तिच्या नकलेत काय तो खेळ करायचा. हा नियम पाळला की पुढचं काम निव्वळ चैनीचं. आडवे-उभे रकाने, एका ओळीत एक चॅनल. नावाला रोमन लिपीत फक्त सात अक्षरं. सोलापूर बरोब्बर सातात बसतं, याचा मला उगाचच अभिमान वाटला. बार्शी आणि मोहोळ ऐसपैस बसतात. अक्कलकोटचा शेवटचा ‘ट’ उडतो. पंढरपूर ‘पंढर’वरच थांबतं, विठोबानं सांभाळून घ्यावं. रकान्यात आपल्या पट्ट्याबाहेरचे आकडेही निमूट बसतात, कारण सेट १३६ पासून १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठंही बोलू शकतो. त्याला परवान्याशी देणंघेणं नाही. ते आपण बघायचं.

संध्याकाळी जुळे सोलापुरात गच्चीवर गेलो, कॉलसाइन सांगितलं आणि होटगी रोडवरच्या मित्राला हाक मारली. १४५.५०० वर तो लख्ख आला. त्याचा सेट तर परवाच आलेला. विचारलं, “केबल कुठली वापरलीस?”

“कसली केबल बे? एक चार पाच पाच शून्य शून्य दाबलं, लागलं.”

मी बटण सोडून थोडा वेळ गप्प राहिलो. एका फ्रिक्वेन्सीपुरतं ते बरोबरच होतं, म्हणून जास्त झोंबलं.

“पण रिपीटरचं काय जमंना,” तो पुढं म्हणाला. “ही आतली बाई सारखी काहीतरी बडबडती. तुझ्याकडं केबल आहे म्हणं? उद्या घेऊन ये की. आणि लॅपटॉप पण आण, माझ्याकडं नाही.”