दादा, ही पोस्ट तुझ्यासाठीही आहे

बाबा रोज सकाळी साडेसातला पार्किन्सनवरची लेव्होडोपाची गोळी घेतात. तासाभराने उजव्या हाताची थरथर निवते, मग आम्ही नौपाड्यातून चालत तलावपाळीला जाऊन एक फेरी मारतो. अकराच्या सुमाराला पाय पुन्हा जड होतात. चार वर्षं मी या वेळा वहीत लिहिते आहे आणि डॉक्टर ती वही बघून डोस ठरवतात. मेंदूत डोपामिन, म्हणजे या आजारात कमी पडणारं रसायन, किती आहे, हे कुणीच पाहिलेलं नाही. हात बघून अंदाज बांधायचा.

आपल्या पुतणीला अशाच संशोधनाकडे जायचंय. परवा तिने मला ‘डीलाइट’बद्दल, म्हणजे डोपामिन आलं की उजळणाऱ्या एका सेन्सरबद्दल सांगितलं आणि रात्री बराच वेळ झोप लागली नाही. 2018 साली कॅलिफोर्नियात लिन तियान यांच्या गटाने तो तयार केला. त्याच वर्षी बीजिंगमध्ये युलाँग ली यांच्या गटानेही तसाच एक सेन्सर केला. डोपामिन ज्याला चिकटतं तो पेशीवरचा रिसेप्टर घ्यायचा आणि त्याच्या आतल्या बाजूच्या एका वेटोळ्याच्या जागी हिरवं चमकणारं प्रथिन बसवायचं. डोपामिन येऊन चिकटलं की रिसेप्टर किंचित वळतो, त्या ओढीने प्रथिनाचा उजेड वाढतो. उंदीर बक्षीस मिळवत असताना ही चमक क्षणाक्षणाला टिपता येते. मेंदूत बारीक नळी घालून नमुने गोळा करायच्या जुन्या पद्धतीत, मायक्रोडायलिसिसमध्ये, एकेका नमुन्याला कित्येक मिनिटं जायची. पण जोड नेमका कुठे द्यायचा, मधला दुवा कोणत्या अमिनो आम्लांचा, हे शोधायला शेकडो नमुने करून बघावे लागले.

आणि ते हिरवं प्रथिन आलं कुठून? जेलीफिशमधून. ओसामु शिमोमुरांनी 1962 मध्ये ते वेगळं केलं, तेव्हा हा जीव चमकतो कसा एवढंच त्यांना हवं होतं. नोबेल मिळालं 2008 मध्ये.

दादा, तू विचारलंस, “याचा उपयोग काय? त्यापेक्षा कॉम्प्युटरला जाऊ दे तिला.” बाबांना याचा उपयोग होणार नाही, मला माहीत आहे. विषाणूच्या मार्फत जनुक मेंदूत सोडायचं, आत प्रकाशाचा तंतू घालायचा, हे प्राण्यांवरच चालतं. पण औषध नक्की कुठे, किती वेळ काम करतं, हे दिसल्याशिवाय नवं औषध कशाच्या आधारावर शोधायचं? ते दिसावं म्हणून झटणारी माणसं आपल्या घरातून का जाऊ नयेत?

आयसरचा, म्हणजे विज्ञान शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेचा अर्ज आम्ही दोघींनी काल भरला. फी मी दिली.