‘कर्ज काढा, स्टार आणा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. पोरगा १७ वर्षांचा, लेफ्ट बॅक खेळतो, रोज सकाळी सहाला नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर हजर असतो. म्हणाला, “मामा, तो मेसेज वाचला का? मग आपण काहून खेळून राहिलो?” मेसेज मी आधीच तीन-चार ग्रुपवर पाहून सोडून दिला होता. पण दुसऱ्या दिवशी आमच्या फुटबॉल क्लबच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी तोच मोठ्यानं वाचला आणि प्रस्ताव मांडला: पतसंस्थेकडून कर्ज उचलू, पुढच्या सीझनला बाहेरून चार तगडे खेळाडू आणू. दोघा-तिघांनी मानाही डोलावल्या. आता गप्प बसणं जमणार नाही.

‘फुटबॉलचं कडू सत्य’ या नावानं फिरणाऱ्या त्या मेसेजात पाच मुद्दे आहेत. एक, पैसेवाल्यांपुढे मधला क्लब टिकत नाही, इंग्लंडच्या लेस्टर या मधल्या क्लबनं २०१६ मध्ये लीग जिंकली तो निव्वळ नशिबाचा खेळ होता. दोन, चांगला खेळाडू विकला की क्लब संपला. तीन, आकडेवारी आणि स्काउटिंग (फिरून खेळाडू हेरणं) ही थापेबाजी. चार, पोरं घडवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. आणि पाच, म्हणून कर्ज काढा, स्टार आणा. जिंकायला लागलात की पैसा आपोआप मागे येतो.

पाचव्यापासून सुरू करतो. पहिले चार मुद्दे चुकीचे नाहीतर अर्धवट आहेत, पण हा घर बुडवणारा आहे.

हा प्रयोग झालेला आहे. इंग्लंडच्या लीड्स युनायटेडनं पुढच्या हंगामांत होणाऱ्या तिकीटविक्रीच्या भरवशावर तब्बल ६ कोटी पौंडांचं कर्ज घेतलं आणि खेळाडू आणले. २००१ मध्ये संघ चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत पोचला. मेसेज लिहिणाऱ्याची गोष्ट इथं संपते, पण लीड्सची इथून सुरू झाली. पुढची दोन वर्षं चॅम्पियन्स लीगमध्ये जागा मिळाली नाही, म्हणजे जो पैसा धरून चालले होते तो आलाच नाही. पगार मात्र दर महिन्याला द्यायचेच होते, कारण करार चार-चार, पाच-पाच वर्षांचे आणि बक्षिसाची रक्कम एकाच हंगामाची. रिओ फर्डिनांडसारखा मोठा खेळाडू विकावा लागला. रॉबी फाउलरला मँचेस्टर सिटीला दिलं, तरी त्याच्या पगाराचा काही भाग लीड्सच भरत राहिलं. २००४ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीतून, बाहेर पडला, त्याच वर्षी स्वतःचं एलंड रोड मैदान विकावं लागलं, २००७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरण झाली. परत वर यायला २०२० उजाडलं. १६ वर्षं! भाच्याचं जेवढं वय आहे, जवळपास तेवढी.

इंग्लंडच्याच पोर्ट्समथ क्लबचं तेच. २००८ मध्ये एफए कप जिंकला, २०१० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, २०१३ पर्यंत चौथ्या श्रेणीत. शेवटी चाहत्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे काढून क्लब वाचवला.

लीड्सकडे विकायला निदान मैदान होतं. आमच्याकडे काय आहे? दोन जाळ्या, २२ जर्सी, डझनभर बॉल आणि महिन्याची वर्गणी. पतसंस्था जामीनदार मागणार. जामीनदार म्हणून सही कोण करणार? आमच्याच पोरांचे बाप. एक ऑटो चालवतो, एक शिलाईचं काम करतो. बाहेरून आलेला खेळाडू स्पर्धा संपली की बॅग भरून जाईल, हप्ता मात्र यांच्या घरी येईल. बैठकीत ज्यांनी मान डोलावली त्यांनी आधी आपली सही करून दाखवावी, मग पोरांच्या बापांकडे कागद न्यावा.

पहिल्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करावंच लागेल. स्टीफन शिमान्स्की या अर्थतज्ज्ञानं १९७८ ते १९९७ या काळातल्या इंग्लंडच्या ४० क्लबांचे हिशेब तपासले. संघांच्या क्रमवारीतला ९२ टक्के फरक पगारावरच्या खर्चातून स्पष्ट होतो, असं त्याला दिसलं. म्हणजे पैसा बोलतो, यात वाद नाही. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मेसेजवाल्यानं पाहिलेला नाही: खेळाडू विकत घ्यायला मोजलेल्या रकमेतून तो फरक फक्त १६ टक्के स्पष्ट होतो. नावाजलेला खेळाडू महाग विकत आणला म्हणून संघ वर जात नाही. योग्य माणूस स्वस्तात शोधा आणि वाचलेला पैसा आपल्या चांगल्या खेळाडूंना टिकवायला वापरा, असा याचा सरळ अर्थ. मेसेज नेमका उलटा सल्ला देतो.

लेस्टर याच वाटेनं गेलं. रियाद महरेझ फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतून सुमारे ४ लाख पौंडांत आला, जेमी वार्डी फ्लीटवूडकडून १० लाखांत, एन्गोलो कान्टे साधारण ५६ लाखांत. २०१६ चं विजेतेपद या तिघांशिवाय झालंच नसतं. नशीबही होतं, मालकही गरीब नव्हता, आणि २०२३ मध्ये लेस्टर खाली गेलं हेही खरं. पण त्या तिघांना शोधून काढणं हे काम होतं, लॉटरी नव्हती.

विकलं की संपलं म्हणणाऱ्यांनी इटलीतल्या बर्गामोच्या अटलांटा क्लबकडे पाहावं. बर्गामो हे साधारण सव्वा लाख वस्तीचं, म्हणजे नागपूरच्या विसाव्या हिश्श्याएवढं शहर. बास्तोनी २०१७ मध्ये इंटरला विकला, कुलुसेव्स्की २०२० मध्ये युव्हेंटसला, हॉयलुंड २०२३ मध्ये मँचेस्टर युनायटेडला. आणि २२ मे २०२४ ला डब्लिनमध्ये याच क्लबनं जर्मनीच्या लेव्हरकुसेनला ३-० हरवून युरोपा लीग ही युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा जिंकली. त्याआधी सलग ५१ सामने लेव्हरकुसेनला कोणी हरवू शकलं नव्हतं! इंग्लंडच्या ब्रायटननं मोइसेस काइसेदो हा खेळाडू इक्वेडोरहून ४०-४५ लाख पौंडांत आणला आणि अडीच वर्षांनी चेल्सीला दिला, साडेअकरा कोटींपर्यंत जाणाऱ्या सौद्यात. त्याच्या जागी कोण येणार हे आधी ठरवलेलं असेल तर विकणं हे क्लबचं उत्पन्न असतं. घाबरून, कर्ज फेडायला विकलं तर ते लीड्स होतं.

आकडेवारीच्या मुद्द्यावर जास्त वेळ घालवत नाही. इंग्लंडच्या ब्रेंटफर्ड क्लबनं आकड्यांवर भिस्त ठेवून खेळाडू निवडले आणि २०२१ मध्ये ७४ वर्षांनी पहिल्या श्रेणीत आलं. एवढं पुरे.

“हे सगळं गोऱ्यांच्या देशात” असं एकानं बैठकीत म्हटलं. मग आयझॉल एफसी कुठली? २०१६-१७ ची आय-लीग, तेव्हाची देशातली मुख्य फुटबॉल लीग, मोहन बागान, ईस्ट बंगाल, बंगळुरू या सगळ्यांच्या पुढे राहून मिझोरामच्या या क्लबनं जिंकली. खालिद जमील प्रशिक्षक, संघात बहुतेक घरचीच पोरं. त्याच्या आदल्या हंगामात हाच संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता, मग परत घेतला गेला. आणि नागपुरात बसून हे कोणी विचारावं? २०१७-१८ च्या रणजीत विदर्भानं उपांत्य सामन्यात कर्नाटकला ५ धावांनी आणि अंतिम सामन्यात दिल्लीला हरवलं, ते आपण टीव्हीपुढे बसून पाहिलंय. क्रिकेटकडे पैसा आहे, कबूल. पण मुंबई-दिल्लीपुढे आपण कोणाच्या खिजगणतीत होतो?

राहिला चौथा मुद्दा, पोरं घडवण्याचा. फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा, नियम असा आहे की खेळाडू रक्कम मोजून एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के १२ ते २३ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. आपल्याकडून असा खेळाडू उद्याच निघेल असं मी म्हणत नाही. पण निघाला, तर तो आमच्याकडे खेळला हे कागदावर हवं. आमच्या ३८ पोरांपैकी किती जणांची फुटबॉल महासंघाकडे रीतसर नोंदणी आहे, हे बैठकीत विचारलं तर कोणालाच सांगता आलं नाही.

रविवारी पुन्हा बैठक आहे. कर्जाच्या प्रस्तावाला माझा विरोध मी लेखी देणार आहे आणि नोंदणीचे फॉर्म सोबत नेणार आहे. पहिला भाच्याचा भरलाय.