‘अटॅक आला’ असं सांगू नका

गेल्या आठवड्यात आमच्या मागच्या गल्लीतला एक तरुण मुलगा गेला. आत्महत्या. त्याचे काका रात्री साडेअकराला माझ्या दारात उभे होते. “तुमच्या घरात झालं होतं, तुम्हाला माहीत असेल. आता काय काय करावं लागतं?” एवढंच म्हणाले. मी वहीचं पान फाडून लिहून दिलं. त्या पानावर जे होतं आणि जे मावलं नाही, ते इथं लिहितोय.

माझा धाकटा भाऊ जाऊन चार वर्षं झाली. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहायचा. मागं बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा.

पहिल्या तासाभरातच कुणीतरी सुचवतं, “पोलिसांना कशाला? डॉक्टर ओळखीचा आहे, दाखला देईल.” ऐकू नका. अशा मृत्यूत अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम होतंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नव्या कायद्याचं १९४ कलम लागतं, आधी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४ होतं. पोलीस आले म्हणजे घरावर संशय आला असं नाही. खोलीतलं काही हलवू नका. चिठ्ठी असेल तर मूळ कागद पोलिसांकडं जातो. त्याचा एक फोटो घरातल्या एकाच माणसाच्या फोनमध्ये ठेवा आणि तो कुणालाही पाठवू नका. जबाबात पाहिलं तेवढंच सांगा आणि लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा. कुणी खरंच छळलं असेल तर लपवू नका, पण नुसत्या अंदाजानं, रागाच्या भरात नावंही घेऊ नका. वकिलाशी बोलून नंतर पुरवणी जबाब देता येतो.

सिव्हिलच्या शवागाराबाहेर आम्ही आठ जण होतो आणि आठही जण रडत होतो. एकाकडंही आधार कार्ड नव्हतं. म्हणून त्या काकांना पहिली गोष्ट हीच सांगितली, की कागदांसाठी एक माणूस नेमा. चुलत, मावस, शेजारी, कुणीही, पण ज्याचे हातपाय चालतायत असा. पोलीस ठाण्यातला नोंद क्रमांक, पंचनाम्याची आणि पोस्टमॉर्टेम रिपोर्टची प्रत, सगळं एका फाईलमध्ये. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने, राखून ठेवला असेल तर त्याचा अहवाल यायला महिने जातात, त्यासाठी रोज खेटे घालू नका. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत झाली का ते महापालिकेत बघा आणि दाखल्याच्या निदान दहा प्रती घ्या. त्या दाखल्यावर मृत्यूचं कारण छापलेलं नसतं, कायद्यानेच छापता येत नाही. आम्हाला हे माहीत असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

कारण आम्ही ठरवलं होतं, अटॅक आला म्हणून सांगायचं. आईची अब्रू, भावजयीचं पुढचं आयुष्य, पोराची शाळा, सगळं त्या एका शब्दानं झाकायचं. मीही तोच शब्द सगळ्यांना सांगितला. आज वाटतं, आमच्या घरानं केलेली सगळ्यात मोठी चूक तीच.

एका नातेवाइकानं विम्याच्या फॉर्मवरही हृदयविकार लिहिलं. आत्महत्या असेल तर विमा मिळत नाही, असं सगळेच म्हणतात ना. साफ चुकीचं आहे. आयुर्विम्यात हे बंधन पहिल्या १२ महिन्यांपुरतं असतं, पॉलिसी सुरू झाल्यापासून किंवा बंद पडलेली पुन्हा चालू केल्यापासून. त्या काळातही भरलेल्या हप्त्यांचे किमान ८० टक्के नॉमिनीला मिळतात, आणि १२ महिन्यांनंतर पूर्ण रक्कम. भावाची पॉलिसी सहा वर्षांची होती. फॉर्मवर एक कारण, पोस्टमॉर्टेमवर दुसरं. सरळ मिळणारा पैसा आठ महिने अडकला.

पासबुकात वर्षाला ४३६ रुपये कापल्याची नोंद शोधा. ती पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजनेची असते, २ लाखांची, आणि तिच्यात हा मृत्यूही बसतो. २० रुपयांची सुरक्षा विमा योजना मात्र अपघाताची, ती इथं लागू होत नाही. माणूस नोकरीत होता आणि पीएफ कापला जात होता, तर फंडाबरोबर बायकोची पेन्शन आणि ईडीएलआयचा, म्हणजे पीएफला जोडलेला विमाही मागा, तो जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत असतो. त्याचं सिमकार्ड बंद करू नका, ओटीपी त्यावरच येतात. त्याचं एटीएम वापरून पैसे मात्र काढू नका.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो, तर दारात वसुलीची माणसं. भावजयीपुढं कागद धरला. सही करू नका, कुणीही असो. कर्जात तुम्ही स्वतः जामीनदार किंवा सहकर्जदार नसाल, तर वारसाची जबाबदारी गेलेल्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. बँकेच्या वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायलाही मनाई आहे. खाजगी सावकार असेल तर तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडं.

आता पोराचं. त्यालाही आम्ही पप्पांना अटॅक आला असंच सांगितलं होतं. तीन आठवड्यांनी शाळेच्या रिक्षात एका मुलानं खरं सांगितलं. घरी आला, दप्तर ठेवलं आणि आईला विचारलं, “मी सायकलसाठी हट्ट केला म्हणून का?” शाळेपासून घरापर्यंतच्या रस्त्यात त्या लेकरानं सगळा दोष स्वतःवर घेतला होता. भावजय त्याला घट्ट धरून नुसती नाही नाही म्हणत राहिली. त्या दिवशी आम्ही खोटं बोलणं बंद केलं. मुलांना खरं सांगा, त्यांच्या वयाच्या शब्दांत. ‘पप्पांच्या मनाला फार त्रास होत होता, त्यातून त्यांना वाट दिसली नाही, त्यांनी स्वतःचा जीव संपवला. तुझ्यामुळं नाही. तू काही केलंस म्हणूनही नाही.’ कसं केलं, ते सांगायची गरज नाही. तो तेच पुन्हा पुन्हा विचारेल, पुन्हा पुन्हा सांगा. वर्गशिक्षकांनाही कळवा.

दहाव्याला कावळा लवकर शिवेना. घाटावर कुजबूज सुरू झाली, अशा मरणात असंच होतं म्हणून. आई पुढं झाली, हात जोडून म्हणाली, “पोराचं मी बघते रे, तू जा.” शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. अमुक शांती केली नाही तर घराला लागेल असं सांगणारे भेटतात. मनाला बरं वाटत असेल तर करा, भीतीपोटी कर्ज काढून करू नका. आणि भेटायला येणाऱ्यांनो, ‘असं का केलं? तुम्हाला आधी कळलं कसं नाही?’ हे विचारू नका. त्या घरातला प्रत्येक जण रात्रभर तेच स्वतःला विचारत असतो. कारण एक कधीच नसतं. चहा करा, पोराचा डबा भरा, गेलेल्याचं नाव घेऊन एखादी आठवण सांगा.

मागं राहिलेल्यांच्याही मनात तसले विचार येण्याचा धोका वाढतो. तेरावं झालं, पाहुणे गेले, की खरी रात्र सुरू होते. दोन महिन्यांनी मी भावजयीला सरळ विचारलं, “जीव द्यावासा वाटतो का?” ती हो म्हणाली. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. त्या रात्री तिला एकटं सोडलं नाही, दुसऱ्या दिवशी मानसोपचार डॉक्टरांकडं नेलं. आता १४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. गेलेल्याच्या घरच्यांनीही लावावा. त्याचा वाढदिवस, पहिली दिवाळी, वर्षश्राद्ध या दिवसांत आधीच कुणाला तरी घरी बोलावून ठेवा.

मागच्या गल्लीत उद्या दहावा आहे. काकांनी फाईल केलीय, आज दाखवून गेले. मुलाच्या धाकट्या बहिणीला खरं सांगितलंय, तिच्या मामानं.

सोलापुरात कुणाच्या घरी असं झालं असेल तर मला मेसेज करा. सिव्हिलला, पोलीस ठाण्यात, महापालिकेत, कुठंही सोबत येईन.