सुपरसिमेट्रीचे दीर्घायुषी कण ही पळवाट नव्हे

‘लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये सुपरसिमेट्रीचे कण सापडले नाहीत, म्हणून ते दीर्घायुषी असतील अशी पळवाट आता शास्त्रज्ञांनी काढली आहे,’ हे विधान समाजमाध्यमांवर सतत फिरते. सुपरसिमेट्री म्हणजे प्रत्येक ज्ञात मूलकणाला एक जड जोडीदार कण असावा असे सांगणारा सिद्धांत, आणि लार्ज हॅड्रॉन कोलायडर म्हणजे सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतला, प्रोटॉनांच्या टकरी घडवणारा प्रवेगक. त्यातील एक भाग खरा आहे: निर्माण होताच क्षय पावणारे, म्हणजे फुटून हलके कण बनणारे ग्लुइनो (ग्लुऑन या कणाचे जोडीदार) साध्या मॉडेलांत २ टीईव्हीच्याही, म्हणजे प्रोटॉनच्या दोन हजार पट वस्तुमानाच्याही, पलीकडपर्यंत नाकारले गेले आहेत. बाकीचे विधान टिकत नाही.

‘आता काढली’ हेच मुळात चूक आहे. लार्ज हॅड्रॉन कोलायडर बांधून होण्यापूर्वी, १९९० च्या दशकात, सर्नच्याच आधीच्या लेप कोलायडरवर जड, दीर्घायुषी, विद्युतभारित कणांचा शोध घेतला गेला होता. क्षय घडवणारा मध्यस्थ कण फार जड असला, किंवा जनक आणि अपत्य कणांच्या वस्तुमानांत अगदी थोडाच फरक असला, की आयुष्य वाढते. ज्ञात कणांपैकी म्युऑन आणि न्यूट्रॉन याच कारणांनी दीर्घकाळ जगतात.

‘असे कण असते तर एवढ्या टकरींत दिसलेच असते,’ हा दुसरा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला ४ कोटी वेळा एकमेकांना छेदतात आणि त्यांतील फारच थोड्या घटना ट्रिगर, म्हणजे क्षणात निवड करणारी यंत्रणा, साठवून ठेवतो. ही निवड प्रामुख्याने टक्करबिंदूपाशीच क्षय पावणाऱ्या कणांना डोळ्यांसमोर ठेवून रचलेली आहे. विनो (डब्ल्यू कणाचा जोडीदार) प्रकारचा चार्जिनो हा सुपरसिमेट्रीचा विद्युतभारित कण सुमारे ०.२ नॅनोसेकंद जगतो, काही सेंटिमीटर जातो आणि न दिसणारा, भाररहित न्यूट्रॅलिनो व पायॉन हा अतिशय मंद, हलका कण मागे ठेवतो, त्यामुळे त्याचा माग डिटेक्टरच्या आतल्या थरांतच नाहीसा होतो. २०१४ मध्ये अ‍ॅटलास या डिटेक्टरमध्ये किरणशलाकेच्या अक्षापासून ३.३ सेंटिमीटरवर नवा पिक्सेल थर बसवला गेला, तेव्हा कुठे इतके आखूड माग भरवशाने तपासता येऊ लागले. ग्लुइनोपासून बनलेले जड कण तर डिटेक्टरच्या धातूत अडकून बऱ्याच वेळाने फुटू शकतात. त्यांच्यासाठी टकरी होत नसतानाच्या नोंदी वेगळ्या काढून पाहाव्या लागतात, आणि अ‍ॅटलास व सीएमएस या दोन्ही डिटेक्टरांच्या गटांनी त्या पाहिल्या आहेत.

‘दीर्घायुषी कणांची ही कल्पना कधीच खोटी ठरवता येत नाही’ हा तिसरा आक्षेपही खरा नाही. शुद्ध विनो सुमारे ६६० जीईव्हीपर्यंत, म्हणजे प्रोटॉनच्या जवळपास ७०० पट वस्तुमानापर्यंत, नाकारला गेला आहे. २०२२ मध्ये अ‍ॅटलासला जास्त आयनीभवन घडवणाऱ्या, म्हणजे वाटेतल्या अणूंमधून जास्त इलेक्ट्रॉन सोडवणाऱ्या मागांच्या ७ घटना अपेक्षित ०.७ च्या जागी आढळल्या. जड, मंद कण असेच माग सोडतात, त्यामुळे सुपरसिमेट्रीच्या बाजूने त्या वापरणे सोपे होते. पण जड कण मंद असायला हवा आणि उड्डाणकाळाच्या मोजमापात हे कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गेलेले दिसले, म्हणून गटाने शोधाचा दावा केला नाही.